विश्लेषण : मदरबोर्ड नवा, तरी संगणक का अडखळतो?

रायगडच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने मदरबोर्ड जातो, पैसे मोजून नवा बसवला जातो आणि संगणक पूर्वीपेक्षाही हळू चालू लागतो. दोष बहुतेक वेळा नव्या बोर्डात नसतो, अर्धवट सोडलेल्या कामात असतो. तो कसा शोधावा आणि त्याची जबाबदारी कोणाची, याविषयी.

जून-जुलैचे दिवस. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, पीक विम्याचे अर्ज हे सगळे एकाच वेळी येते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, उरण अशा कोणत्याही बाजारपेठेत सेवा केंद्राबाहेर आणि झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांग लागलेली असते. नेमका तेव्हाच संगणक बंद पडतो. दुरुस्तीवाला येतो, खोके उघडतो आणि म्हणतो, ‘बोर्ड उडाला’. दोन दिवसांत नवा मदरबोर्ड बसतो, पडदा उजळतो, बिल चुकते होते. पण दुसऱ्या दिवसापासून माऊस थबकतो, पान उघडायला मिनिट लागते, व्हिडीओचा आवाज तुटतो. मुदत संपायला काही तास उरलेले असताना अर्ज अपलोड होत नाही. त्यात केंद्रचालकाचे उत्पन्न जाते आणि रांगेतल्या विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते.

अशा वेळी पुढचा सल्ला ठरलेला असतो, ‘आता नवीनच घ्या’. हा सल्ला कधी कधी बरोबर असतो. पण तपासणी न करता दिला असेल, तर तो सल्ला नसून विक्री असते.

किनाऱ्यावर मदरबोर्ड लवकर का जातात?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. संगणकाचा पंखा ते हवेसोबत आत ओढतो आणि धुळीबरोबर ते बोर्डावर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतः विरघळू लागते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता कित्येक आठवडे या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. हे पाणी विजेचे वाहक असते. बोर्ड चालू असेल, तर दोन शेजारच्या तारांमध्ये नको तिथे विद्युतप्रवाह झिरपतो आणि तांबे हळूहळू खाल्ले जाते. घरातले तांब्याचे भांडे जसे काळवंडते आणि हिरवट होते, तेच इथे घडते. फरक इतकाच, की भांडे चिंचेने घासता येते.

दुसरे कारण वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांतील अनेक गावांत वीज पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. वादळ नसतानाही पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते, २३० व्होल्टचा दाब कधी खूप खाली येतो, कधी उसळतो. त्यातच खाऱ्या जमिनीत अर्थिंगची सळई गंजते आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. हा मार एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर पडतो आणि मग बोर्डापर्यंत पोहोचतो.

म्हणून पहिला मुद्दा असा. बोर्ड गेला हे खरे असले, तरी तो का गेला हे पाहिले नाही, तर नवा बोर्डही त्याच वाटेने जाणार. एसएमपीएस अर्धमेला, अर्थिंग नाही आणि खिडकीशेजारी ठेवलेले खोके तसेच, अशा स्थितीत केवळ बोर्ड बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नव्या बोर्डाने वेग का घटतो?

मदरबोर्ड स्वतः फारसे गणित करत नाही. तो एसटीच्या मोठ्या स्थानकासारखा आहे. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क या सगळ्यांच्या गाड्या त्याच्यावरून सुटतात. स्थानक बदलले की प्रत्येक गाडीचा फलाट, वेळापत्रक आणि सिग्नल नव्याने लावावे लागतात. जुन्या बोर्डावर कधीकाळी कोणीतरी केलेल्या बायोसमधील नोंदी, त्या बोर्डासाठीचे ड्रायव्हर, रॅमच्या जागा आणि केबलींची जोडणी हे सगळे नव्या बोर्डासोबत आपोआप येत नाही. बोर्ड कारखान्यातून येतो तो सर्वांत सुरक्षित, म्हणजे बहुधा सर्वांत सावध नोंदींसह. पडदा उजळला म्हणजे बोर्ड जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. तो नीट बसला आहे, हे सिद्ध व्हायचे बाकी असते.

सुरुवात कोठून करावी?

बोर्ड बदलल्यानंतरचा पहिला तासभर निकाल देऊ नये. विंडोज नव्या उपकरणांची ओळख करून घेत असते, अपडेट उतरवत असते, फायलींची सूची बनवत असते. संगणक तासभर इंटरनेटला जोडून चालू ठेवावा, एकदा रिस्टार्ट करावा आणि मगच तपासणी सुरू करावी.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात चार आकडे पाहावेत. प्रोसेसर किती टक्के कामात आहे आणि किती गिगाहर्ट्झवर चालतो आहे. रॅम किती भरली आहे. डिस्क किती टक्के व्यग्र आहे. आणि संगणक अडखळतो त्या क्षणी यांपैकी कोणता आकडा उडी मारतो.

या एका पडद्यावरून अर्धे निदान होते. डिस्क सतत १०० टक्के आणि बाकी सगळे निवांत असेल, तर दोष डिस्कच्या बाजूला आहे. प्रोसेसर कामात असूनही ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून राहिला असेल, तर उष्णता, वीजपुरवठा किंवा बायोसकडे पाहावे. चारही आकडे शांत आणि तरीही माऊस थबकतो, आवाज तुटतो, असे असेल तर संशय ड्रायव्हरवर जातो. दुरुस्तीवाल्याला फोन करताना ‘स्लो झालाय’ असे सांगण्याऐवजी हे आकडे सांगितले, मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला, तर दोघांचाही वेळ वाचतो.

जुनी विंडोज तशीच ठेवावी का?

सर्वांत जास्त तक्रारींचे मूळ इथे असते. विंडोज १० किंवा ११ ची जुनी डिस्क नव्या बोर्डाला जोडली, तरी संगणक बऱ्याचदा सुरू होतो. दुरुस्तीवाल्याचे काम सोपे होते, ग्राहकालाही ‘सगळे जसेच्या तसे’ मिळाल्याचा आनंद होतो. पण आत जुन्या बोर्डाच्या चिपसेटचे, आवाजाचे, नेटवर्कचे ड्रायव्हर तसेच पडलेले असतात आणि नव्या बोर्डाचे ड्रायव्हर अर्धवट बसलेले असतात. डिव्हाइस मॅनेजर उघडून तिथे पिवळे उद्गारचिन्ह दिसते का, ते पाहावे. दिसले, तर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच नमुन्याचा चिपसेट ड्रायव्हर आधी, मग ग्राफिक्स, नेटवर्क आणि आवाजाचा ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाळावीत. त्यांच्यासोबत नको त्या गोष्टी येतात.

बोर्डाची जात पूर्ण बदलली असेल, उदाहरणार्थ इंटेलवरून एएमडीवर गेले असेल, तर विंडोज नव्याने टाकणे हाच स्वच्छ मार्ग आहे. पण त्याआधी काय वाचवायचे याची यादी लिहून ठेवावी. सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सेवा, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर आणि स्कॅनरचे सॉफ्टवेअर ही यादीत हवीत. दुकानात टॅलीचा डेटा असतो. लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे जुने मराठी फॉन्ट आणि त्यांचे परवाने असतात. ‘फॉरमॅट मारला’ या दोन शब्दांत दहा वर्षांचे काम गेल्याची उदाहरणे प्रत्येक बाजारपेठेत सापडतील.

दोन धोके खास लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला बिटलॉकरचा. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर तिची किल्ली जुन्या बोर्डावरील टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते, म्हणून बोर्ड चालू आहे तोवरच ती पाहून कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे. दुसरा परवान्याचा. विंडोजचा डिजिटल परवाना बोर्डाशी जोडलेला असतो. किरकोळ विकत घेतलेला परवाना नव्या बोर्डावर नेता येतो, त्यासाठी आधीच मायक्रोसॉफ्ट खाते जोडलेले असणे सोयीचे ठरते. संगणकासोबत कंपनीने दिलेला परवाना मात्र सहसा मूळ बोर्डापुरताच असतो.

इथे एक पळवाट सर्रास वापरली जाते ती चोरीच्या विंडोजची. ती ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी साधने बहुतेक वेळा आधी सुरक्षा बंद करायला सांगतात. त्यांच्यासोबत पार्श्वभूमीवर गुपचूप चालणारे प्रोग्राम आले, तर संगणक अडखळणारच. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके आणि बोटांचे ठसे हाताळले जातात, तिथे हा प्रश्न वेगाच्या फार पलीकडचा आहे.

रॅमच्या जागा आणि बायोसचे आकडे

चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या कुठेही बसवून चालत नाही. बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. तसे केले की दोन मार्ग एकाच वेळी उघडतात. डीडीआर४ ३२०० रॅमचा एक मार्ग सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहून नेऊ शकतो, दोन मार्ग मिळून ५१.२. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून येते, त्यामुळे तिथे एकेरी मार्गाचा फटका चटकन जाणवतो.

रॅमचा वेगही पाहावा. पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम नव्या बोर्डावर अनेकदा २१३३ किंवा २४०० वर चालते, कारण जाहिरातीतला वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी ही नोंद चालू करावी लागते. मात्र हेही सांगायला हवे, की केवळ या फरकाने रोजच्या कामात संगणक अडखळत नाही. उलट जुन्या, गंजलेल्या पायांच्या रॅमवर एक्सएमपी चालू केल्यास संगणक अस्थिर होऊ शकतो. रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे. वारंवार घासल्यास सोन्याचा पातळ मुलामाच निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड हा बरा उपाय.

डिस्क, केबल आणि खाच

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आजची विंडोज चालवणे हेच अनेक ठिकाणी मंदपणाचे खरे कारण असते. बोर्ड बदलण्यापूर्वीही संगणक हळूच होता, नव्या बोर्डाकडून अपेक्षा वाढली एवढेच. विखुरलेल्या लहान फायली वाचताना अशी डिस्क अनेकदा सेकंदाला एक मेगाबाइटही देऊ शकत नाही. साधी साटा एसएसडीही त्याच्या कितीतरी पट देते. मर्यादित पैसे असतील, तर महाग बोर्डापेक्षा साधा बोर्ड आणि एसएसडी ही जोडी जास्त उपयोगाची.

एसएसडी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. बायोसमध्ये साटाची नोंद एएचसीआय आहे की जुनी आयडीई. जुन्या विंडोजवर ही नोंद एकदम बदलली, तर निळा पडदा येऊ शकतो, त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे. दुसरे, केबल. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट साधनात ‘सीआरसी एरर’ हा आकडा दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्कपेक्षा केबल किंवा तिचा गंजलेला जोड दोषी असण्याची शक्यता जास्त. नवी केबल अगदी स्वस्त मिळते आणि डिस्क वाचते. तिसरे, बोर्डाच्या पुस्तिकेत एम.२ खाचेविषयीची तळटीप. काही बोर्डांत एम.२ खाच वापरली की एखादे साटा पोर्ट बंद होते, तर काही खाचा अर्ध्याच वेगाच्या असतात.

ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात एक अगदी साधी चूक होते. पडद्याची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या मागच्या पोर्टमध्ये लावली जाते. कार्ड रिकामे बसून राहते आणि मालक नव्या बोर्डाला दोष देत राहतो.

उष्णतेचा प्रश्न

बोर्ड बदलताना प्रोसेसरवरचा पंखा काढावाच लागतो. त्याखालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली नाही, किंवा पंख्याच्या चार खिट्ट्यांपैकी एक नीट बसली नाही, तर प्रोसेसर काही मिनिटांत तापतो. इंटेलचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. लक्षण ओळखायला सोपे आहे. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे संगणक छान चालतो, मग अडखळतो आणि बंद करून थोड्या वेळाने सुरू केला की पुन्हा छान चालतो. तापमान दाखवणारे साधन लावून हे पाचच मिनिटांत कळते.

आवाज तुटतो, पण सगळे आकडे ठीक?

हा प्रकार सर्वांत फसवा. एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून ठेवतो. टक्केवारीत ते दिसत नाही, पण कानाला आणि डोळ्याला कळते. लेटन्सीमॉन हे साधन दहा मिनिटे चालवले, तर बऱ्याचदा दोषी ड्रायव्हरचे नाव समोर येते. बहुतेक वेळा नेटवर्क, वायफाय किंवा आवाजाचा ड्रायव्हर निघतो.

कधी दोष खरोखर बोर्डाकडे, म्हणजे त्याच्या बायोसकडे असतो. एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले, की काही रायझन संगणकांत प्रोसेसरमधील टीपीएम बोर्डावरील स्मृतिचिपशी बोलताना संपूर्ण संगणक अधूनमधून क्षणभर थबकतो. त्यावरचा उपाय होता नवा बायोस. तो बोर्ड कंपन्यांमार्फत मे २०२२ पासून येऊ लागला. त्याआधी कितीही वेळा विंडोज टाकली असती, तरी उपयोग नव्हता. इंटेलनेही ३१ जानेवारी २०११ रोजी आपल्या ६ मालिकेतील चिपसेटमध्ये साटा पोर्ट काळानुसार कमकुवत होण्याचा दोष असल्याचे जाहीर करून माल परत घेतला होता. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने ७० कोटी डॉलर असा धरला होता. मोठ्या कंपन्यांच्या हातून असे होते, तर ‘बोर्ड नवा आहे, त्यात दोष असूच शकत नाही’ हे दुकानदाराचे वाक्य पुरेसे नाही.

किनाऱ्यावर बायोस अपडेट करताना एक पथ्य मात्र कडक पाळावे. यूपीएसशिवाय आणि पावसाळी वाऱ्यात ते करू नये. मध्येच वीज गेली, तर नवा बोर्ड तिथेच निकामी होऊ शकतो.

‘नवा’ बोर्ड किती नवा?

जुना प्रोसेसर वाचवण्यासाठी बाजारात आजही एच-६१, एच-८१ अशा चिपसेटचे बोर्ड ‘नवे’ म्हणून मिळतात. एच-६१ हा २०११ चा चिपसेट आहे. त्यात मुळात यूएसबी ३ नाही आणि साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे आहेत, म्हणजे आजच्या साटा एसएसडीच्या निम्म्या वेगाचे. पत्रे लिहिणे, फॉर्म भरणे यासाठी ते चालू शकते. पण त्यावर चालणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा बोर्डावर पैसे घालायचे की नाही, हा निर्णय ग्राहकाचा. पण तो त्याला हे सांगितल्यानंतर घेता आला पाहिजे. बिल चुकते झाल्यानंतर कळण्याची ही गोष्ट नाही.

अलिबागच्या वेधशाळेचा धडा

दोष शोधताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच वेळी पाच गोष्टी बदलणे. रॅम हलवली, विंडोज टाकली, बायोस बदलला, केबल नवी लावली आणि संगणक सुधारला. पण कशाने सुधारला, हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा सगळेच बदलले जाते.

याचे उत्तर अलिबागमध्येच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले गेले आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युतप्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला सुरू करण्यात आली. पण कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांतील फरक जागेमुळे किती, हे कळावे. जागा बदलली तरी नोंदींची साखळी तुटली नाही. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

संगणकाच्या दुरुस्तीला एवढी शिस्त लागत नाही. पण तत्त्व तेच. बदलण्यापूर्वी आकडे लिहावेत, एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा आकडे लिहावेत. वहीचे एक पान पुरते.

जबाबदारी कोणाची?

सगळा दोष गावातल्या दुरुस्तीवाल्यावर ढकलणे सोपे, पण अन्यायाचे आहे. तो अलिबागहून रेवदंड्याला किंवा श्रीवर्धनहून दिवेआगरला दुचाकीवर बोर्ड घेऊन जातो. ग्राहकाला संगणक आजच हवा असतो आणि मजुरी मात्र चार-पाचशेच्या पुढे द्यायची नसते. बोर्डाच्या किमतीवर घासाघीस होत नाही, मजुरीवर होते. मग ज्याचे पैसे मिळत नाहीत, ते काम, म्हणजे ड्रायव्हर, तापमान, नोंदी आणि चाचणी, वगळले जाते. ग्राहक वस्तूचे पैसे देतो आणि अपेक्षा कौशल्याची करतो. हा व्यवहार बदलल्याशिवाय तक्रार संपणार नाही.

बदल अवघड नाही. बोर्ड बसवून देणाऱ्याने एका कागदावर सहा गोष्टी लिहून द्याव्यात. जुना बोर्ड का गेला, नव्याचा नमुना आणि अनुक्रमांक, बायोसची आवृत्ती, रॅम कोणत्या खाचांत आणि किती वेगावर, अर्धा तास काम केल्यावर प्रोसेसरचे तापमान आणि डिस्कची प्रकृती. हे काम तासाभराचे आहे आणि त्या तासाची वेगळी मजुरी ग्राहकाने खळखळ न करता द्यावी. जुना बोर्डही परत मागावा. त्यावरचा गंज कुठे आहे, हे पाहिले की पाणी किंवा वारा कोठून येतो तेही कळते. नको असल्यास तो भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनात द्यावा. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

दुसरीकडे, पक्के बिल हा ग्राहकाचा आधार आहे. सदोष वस्तू किंवा अर्धवट सेवा मिळाली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण बिलावर नुसते ‘मदरबोर्ड १ नग’ असेल आणि अनुक्रमांक नसेल, तर कायदाही फार मदत करू शकत नाही. बोर्डाच्या वॉरंटीतून गंज सहसा वगळलेला असतो, हेही खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

पुढच्या पावसाळ्याआधी काय करावे?

संगणक समुद्राकडच्या खिडकीपासून आणि जमिनीपासून दूर, भिंतीला न चिकटवता ठेवावा. अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे, नुसते तीन पिनांचा प्लग आहे म्हणून समाधान मानू नये. यूपीएस घ्यावा आणि विजांचा कडकडाट असताना वीज आणि इंटरनेट अशा दोन्ही केबली काढाव्यात. पावसाळ्यात संगणक महिनोन्महिने बंद ठेवणे हे जपणे नव्हे. रोज थोडा वेळ चालवला, तर आतल्या उबेने ओल टिकत नाही. ओला किंवा गार असताना मात्र लगेच सुरू करू नये. प्लास्टिकचे आवरण फक्त बंद आणि थंड झाल्यावर घालावे. गणपतीनंतर आणि पावसाळ्यापूर्वी, असे वर्षातून दोनदा उघडून साफ करावे. बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही तेव्हाच बदलावा. तो संपला, की तारीख चुकते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. ते पाहून मालकाला पुन्हा बोर्डाचीच शंका येते.

किनाऱ्यावरच्या माणसाला होडीची डागडुजी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात ती वर ओढायची, तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, मगच नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालायची, हे त्याला ठाऊक असते. नवी फळी ठोकली म्हणजे होडी दुरुस्त झाली, असे कोणी म्हणत नाही. ती पाण्यात घालून गळते का, हे आधी पाहिले जाते. संगणकाच्या बाबतीतही बिल देण्यापूर्वी एवढे तरी पाहिले जावे.